पावाच्या गाडीतले घर

प्रवासाला निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी करायचे, सकाळचा चहा टाळायचा आणि गाडीत बसल्यावर फक्त ओठ ओले करायचे, हे मला माझ्या खालांनी शिकवले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. श्रीवर्धनहून एसटीने पुण्याला यायचे होते. अम्मीच्या इंतकालनंतर खालांनीच मला वाढवले. माझी ओढणी सारखी करत त्या म्हणाल्या, "बाईमाणसानं प्रवासात पाणी पिऊ नये. उतरणार कुठं?" यात त्यांचा दोष नव्हता. त्यांनाही कोणीतरी हेच सांगितले असणार.

मी ते चाळीस वर्षे पाळले. लग्न होऊन पुण्यात भवानी पेठेत आले, दोन मुले झाली, माहेरी जाणे-येणे झाले. प्रत्येक वेळी घसा कोरडा ठेवून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धनच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यात खालांचीही वाडी गेली. तेव्हा टाळेबंदी होती, जाता आले नाही. पुढे २०२२ च्या डिसेंबरमध्ये खालूंच्या मयतीची खबर आली आणि मी हातातले काम टाकून स्वारगेटला जाऊन एसटीत बसले. सहा तासांच्या प्रवासात एका थांब्यावर स्वच्छतागृहाला कुलूप होते, दुसऱ्यावर आत पाऊल टाकवेना. मी तशीच बसून राहिले. परत येतानाही तेच. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. सहा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दिवसाला पाणी किती पिता?" मी गप्प. "आणि प्रवासात?" तेव्हा तर मी मान खाली घातली.

त्यानंतर मी प्रवासच सोडला. खाला फोनवर म्हणायच्या, "तू येतेस, का मी अशीच जाऊ?" त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. मी दर वेळी "इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात" म्हणायची. खोटे बोलल्याची टोचणी लागून राहायची.

आमच्या घरी एक गाडी आहे, पण ती घरची नव्हे, धंद्याची. मुलांचे अब्बू पाव, खारी, टोस्ट आणि नानकटाई दुकानांना पोहोचवतात. पहाटे चारला बेकरीतून माल उचलायचा आणि नऊच्या आत वाटून मोकळे व्हायचे. त्यासाठी आमच्याकडे पिवळ्या पाटीची मारुती ईको कार्गो आहे. पुढे दोन सीट, मागे बंद पत्र्याची खोली. दुसऱ्या सीटवर बिलबुक, सुट्या पैशांचा डबा आणि नानकटाईचा क्रेट. गाडी घेऊन सहा वर्षे झाली होती, पण त्या सीटवर मी कधी बसले नव्हते.

आमचे मरहूम सासरे याच भागात तीनचाकी टेम्पो चालवायचे. मालवाहू गाडीला आपण टेम्पो म्हणतो, ते मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. न. कुं. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ मध्ये ती गाडी आपल्याकडे बनवायला घेतली. पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून इतके टेम्पो निघाले की कंपनीचे नाव हाच जातिवाचक शब्द झाला. सांगायचे इतकेच की आमच्या घरात दोन पिढ्या गाडी आहे, पण तिच्यातून माल हिंडला, माणसे नाहीत.

गाडीत झोपायची सोय करण्याची कल्पना थोरल्याची. त्याने मोबाइलवर परदेशातल्या लोकांनी मालवाहू व्हॅनचे घर केलेले पाहिले. त्यात ओटा, सिंक, फ्रिज, छतावर सौरपट्ट्या, सगळे होते. तो म्हणाला, "अम्मी, पत्रा कापून दोन खिडक्या काढू, मागे बाकडे बसवू, आपण चौघे जाऊ." एका फॅब्रिकेशनवाल्याने तर लगेच भावही सांगितला आणि वर म्हणाला, "कोण बघतंय?"

हे ऐकून माझा मामेभाऊ अस्वस्थ झाला. तो विम्याचे काम करतो. त्याने आम्हा सगळ्यांना बसवून समजावले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीत जे लिहिले आहे, त्यात मालकाला मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. आमच्या नोंदणीत 'मालवाहू' आणि 'आसने दोन' असे लिहिलेले. मागे माणसे बसवली आणि काही विपरीत घडले, तर दंड राहू द्या, विमा कंपनी आधी हाच प्रश्न विचारील. राहण्याच्या गाडीला कायद्यात 'मोटर कॅराव्हॅन' म्हणतात. तिच्या मंजुरीसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. गाड्यांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. पण तो सगळा मोठ्या खिशांचा मामला. पाव विकणाऱ्याला परवडणारा नव्हे.

तेव्हा आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, गाडीला कापायचे नाही, भोक पाडायचे नाही, काही कायमचे बसवायचे नाही. जे ठेवायचे ते सामान म्हणून ठेवायचे आणि पट्ट्याने बांधायचे, म्हणजे सुटीनंतर पंधरा मिनिटांत उतरवून पहाटे पुन्हा पावाचे क्रेट भरता आले पाहिजेत. दोन, गाडी चालत असताना माणसे दोनच आणि ती पुढेच. मागे फक्त थांबल्यावर जायचे. बाकीच्यांनी एसटीने यायचे.

"मग पुढे दुसरं कोण बसणार?" धाकटीने विचारले आणि तिनेच उत्तर दिले, "अम्मी."

पैसे माझे होते. भिशीचे वीस हजार मला त्या महिन्यात लागले होते आणि त्यातून नवा फ्रिज घ्यायचा होता. फ्रिज राहिला. सगळ्यांनी आपापली मागणी सांगितली. थोरल्याला दिवे आणि पंखा हवा होता, मुलांच्या अब्बूंना पाठ टेकायला नीट जागा, धाकटीला पडदे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आधी संडास. बाकीचे उरलेल्या पैशांत." क्षणभर कोणी काही बोलले नाही. मुलांसमोर हा शब्द मी इतक्या सरळ कधी उच्चारला नव्हता. मग मी त्यांना पुण्यातल्या गुलाबी बसची आठवण करून दिली. पीएमपीएमएलच्या मोडीत निघालेल्या बसमध्ये महिलांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहे २०१६ च्या सुमारास सुरू झाली होती. आख्ख्या बसचे होऊ शकते, तर आपल्या गाडीच्या एका कोपऱ्याचे का नाही?

पहिली चूकही माझीच. सर्जिकलच्या दुकानातून मी सतराशे रुपयांना रुग्णांची कमोडची खुर्ची आणली. गाडीत ठेवून बसून पाहिले, तर डोके छताला आपटले. आतली उंची चार फुटांच्याही थोडी आत आणि खुर्चीची बैठक जमिनीपासून दीड फूट. बसलेल्या माणसाची उंची पावणेतीन फूट धरली तरी बेरीज जमत नाही. दुकानदार खुर्ची परत घेईना. ती आज शेजारच्या आजींच्या उपयोगी पडते आहे, तेवढे समाधान. मात्र त्या दिवसापासून मी गाडीत फीत घेऊनच चढू लागले. माझा अनुभव विचाराल तर गाडी सजवायला घेण्याआधी तिच्यात एक तास नुसते बसा, आडवे व्हा, कुशीवर वळा. कागदावरचे माप आणि गुडघ्यांचे माप वेगळे असते.

आमच्या गाडीची मागची जागा सहा फुटांना दोन बोटे कमी लांब आणि मधोमध चार फूट रुंद भरली. टिंबर मार्केट घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून १२ मिलिमीटरच्या प्लायचे दोन तक्ते आणले. आमच्या गल्लीतल्या सुतारचाचांनी त्यांच्या दोन लांब पेट्या केल्या. प्रत्येक पेटी दीड फूट रुंद आणि फक्त एक फूट उंच. चाकाच्या फुगवट्यापाशी बाहेरची बाजू कापून घेतली. दोन्ही पेट्यांच्या मध्ये एक फूट रुंदीची वाट राहते. रात्री त्या वाटेवर फळ्या टाकल्या की सलग चार फूट रुंद पलंग तयार. मी उंची मुद्दाम एकच फूट ठेवायला लावली. वर गादी आली तरी ताठ बसता आले पाहिजे. उंच पेटीत सामान जास्त मावते, पण माणसाला रात्रभर वाकून बसावे लागते.

डावीकडच्या पेटीच्या मागच्या टोकाला झाकण उघडले की आमचे स्वच्छतागृह. आत घट्ट झाकणाची दहा लिटरची बादली आणि वर प्लॅस्टिकची बैठक. एक फुटाची उंची आपल्याला पाटावर बसायची सवय असल्याने अडचणीची होत नाही. लघवीसाठी एवढे पुरे. बादली पुढच्या स्वच्छतागृहात रिकामी करून फिनाइलने धुवायची. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाची सोय असली पाहिजे असा नियम आहे, तेव्हा तिथे संकोच न करता विचारावे. दुसरी वेळ आलीच तर बादलीत जाड पिशवी घालून तळाशी आणि वर लाकडाचा भुसा टाकायचा. भुसा ओल आणि वास दोन्ही धरतो. टिंबर मार्केटमध्ये तो मला पोतेभर फुकट मिळाला. ती पिशवी वाटेत फेकायची नाही, हे सांगायला नकोच.

दुसरा खर्च पाण्याचा. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो वजन, म्हणून तो चाकांच्या मध्ये, पेटीच्या तळाशी ठेवला. प्यायचे पाणी वेगळे आणि वापरायचे वेगळे. वापरायच्या डब्याला नळ बसवून घेतला. वुजूला किती पाणी लागेल यावर मुलांची चर्चा झाली, तेव्हा मुलांच्या अब्बूंनी हदीसची आठवण दिली. हजरत पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत. आजच्या मापाने ते पाऊण लिटरच्या आतच भरते. आपण घरी नळ सोडून जे करतो, ते आठवून सगळेच हसलो. नळाची धार बारीक केली तर एक लिटरच्या लोट्यात नीट वुजू होते, हे आम्ही मोजून पाहिले. नमाजला मात्र गाडीत उभे राहता येत नाही, म्हणून चटई बाहेर अंथरायची. किबल्याची दिशा मोबाइलवर मिळते.

मग ऊन. आमच्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि मागे चारी बाजूंनी पत्रा. दुपारी पत्रा हाताला चटका देतो. पत्र्याच्या शेडला आतून चमकत्या कागदाची फोमची शीट लावतात, तीच छताला आणि दोन्ही बाजूंना लावली. खिडक्या कापायच्या नव्हत्या, म्हणून धाकटीने पुढच्या दोन दारांना मच्छरदाणीच्या कापडाचे झबले शिवले. दारावर ओढून घातले की काच खाली करूनही डास आत येत नाहीत. मागचा दरवाजा चार बोटे उघडा राहावा म्हणून सुतारचाचांनी लाकडी ठोकळा आणि आकडी करून दिली. पुढून हवा येते, मागून निघून जाते.

विजेचे गणित थोरल्याचे. तपकीर गल्लीतून त्याने १२ व्होल्टची २० अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी, छोटा पंखा आणि दिव्याची पट्टी आणली. बारा गुणिले वीस, म्हणजे २४० वॅट-तास. पंखा १२ वॅटचा, आठ तास चालला तर ९६. दिवा ५ वॅटचा, चार तास म्हणजे २०. मोबाइल १५. बेरीज १३१. अशी बॅटरी निम्म्याहून फार खाली नेली तर लवकर मरते, म्हणून पंखा एक तास कमी चालवायचा आणि सकाळी घरात लावून भरायची. गाडीच्या मूळ वायरिंगला त्याने हात लावला नाही. बॅटरीला लागूनच फ्यूज बसवला. सौरपट्टीचा आग्रह त्याने स्वतःच सोडला. एका रात्रीच्या पंख्यासाठी कशाला?

चुलीबाबत मी कोणाचे ऐकले नाही. पाच किलोचा सिलिंडर आणि शेगडी घरचीच, पण ती पेटवायची गाडीबाहेर, जमिनीवर. बंद जागेत शेगडी किंवा चालू इंजिन यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला जाग येत नाही. पाऊस असला तर उपाशी झोपू, पण आत पेटवणार नाही. शेजारी आग विझवायचे छोटे नळकांडे ठेवले.

गादी नात्यातल्या पिंजारीचाचांकडून भरून घेतली. त्यांच्या वडिलांची धनुकली आता माळ्यावर आहे, कापूस यंत्रावर पिंजला जातो. पण टाके अजून हातानेच घालतात. "तीन तुकड्यांत करा," मी म्हटले. "सलग गादी उन्हात घालायला दोन माणसे लागतात." त्यांनी मान डोलावली आणि कडेला पकडायला कापडी कानही शिवून दिले.

हिशेब मी वहीत लिहिला होता, तो तसाच देते. प्लाय ३,६००, बिजागऱ्या, स्क्रू आणि बांधायचे पट्टे १,१५०, सुतारी २,५००, फोमची शीट १,९००, गादी २,४००, पडदे आणि जाळी ६५०, बॅटरी, पंखा, दिवा आणि वायर ३,७५०, बादली आणि बैठक ४५०, पाण्याचे डबे ७००, आगीचे नळकांडे ९००. एकूण अठरा हजार. वर माझ्या चुकीचे सतराशे. वीस हजारांतून तीनशे रुपये उरले. लोखंडी आकड्या आणि पट्टे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून घेतले म्हणून तेवढे तरी उरले. सगळ्यांत उपयोगी वस्तू यादीत सगळ्यांत स्वस्त आहे, हे वहीत पाहिल्यावर माझ्या लक्षात आले.

पहिली रात्र आम्ही दोघे घराखालीच गाडीत झोपलो. मध्यरात्री अंगाला चावे सुरू झाले. दिवा लावला तर मुंग्या! सहा वर्षांची साखर आणि खारीचा चुरा गाडीच्या फटीफटीत होता. पहाटे दूधवाला काचेतून डोकावला आणि मुलांच्या अब्बूंना हळूच म्हणाला, "काय भाई, वहिनींशी भांडण झालं का?" मग मी मागून डोके बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी गरम पाणी आणि साबणाने गाडी घासली. मुंग्या गेल्या, पण नानकटाईचा वास राहिला. तो राहू दिला.

३१ मार्च २०२५ ला रमजान ईद झाली. बेकरीतले कारागीर गावी गेले आणि बेकरी चार दिवस बंद राहिली. बुधवारी पहाटे फजर पढून आम्ही निघालो. दोन्ही मुलांनी स्वारगेटहून एसटी धरली. "माझं तर अर्धंच तिकीट," धाकटी भावाला चिडवत होती. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे भाडे आहे.

दुसऱ्या सीटवर बसून मी पहिल्यांदा पाहिले की मुलांचे अब्बू गाडी चालवताना काय काय बघतात. चांदणी चौकापर्यंत ते सवयीने प्रत्येक दुकानाकडे बघत होते, कोणते उघडले, कोणते नाही. पौड मागे पडले, मुळशीचे पाणी दिसले, तेव्हा कुठे त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी बाटली पुढे केली. "पी." मी सवयीने घोटभर घेतले. ते म्हणाले, "पूर्ण पी. घर मागेच आहे." मी बाटली संपवली. ताम्हिणी घाटाच्या अलीकडे सावलीत गाडी थांबली. मी मागे गेले, पडदा ओढला. पाच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. इतक्या साध्या गोष्टीसाठी रडू यावे याची लाज वाटली. मग वाटले, लाज मला का वाटावी?

निजामपूर, माणगाव, म्हसळा करत दुपारी श्रीवर्धनला पोहोचलो. वादळानंतर खालांचे घर लहान झाले आहे, एक खोली आणि पडवी. पाहुण्याला जागा नाही म्हणून त्यांना नेहमी संकोच. या वेळी जागा आम्हीच घेऊन गेलो होतो. मुलांचे अब्बू गाडी माडाखाली सावलीत लावू लागले, तशा खाला पडवीतून ओरडल्या, "तिथं नको, जावईबापू! नारळ पडेल!" गाडी अंगणात मोकळ्यावर लावली. मुलगे-पुरुष पडवीत झोपले आणि त्या रात्री गाडीतल्या पलंगावर आम्ही तिघी झोपलो, खाला, मी आणि धाकटी. चार फुटांत तिघी म्हणजे वळायलाही परवानगी लागते. दोनदा रात्री खालांना उठावे लागले. त्यांचा संडास वाडीच्या टोकाला, पायऱ्या उतरून. त्या अंधारात त्या पूर्वी एकदा पडल्याही होत्या. मी पेटीचे झाकण उघडून दिले. खाला म्हणाल्या, "हे कुणी सुचवलं?" धाकटी झोपेतच म्हणाली, "अम्मीनं."

दुसऱ्या दिवशी असरनंतर दुसरी सीट खालांची होती. समुद्र त्यांच्या घरापासून फार लांब नाही, पण गुडघ्यांमुळे त्या दोन वर्षांत तिकडे गेल्या नव्हत्या. आम्ही चालत मागून पोहोचलो. गाडीचा मागचा दरवाजा उघडून त्या पेटीवर बसल्या होत्या, समोर पाणी. वाळूत शेगडी लावून मी चहा केला. चहाआधी त्यांनी पाणी मागितले. मी एक पेला दिला. थोड्या वेळाने त्यांनी पेला पुन्हा पुढे केला. मी त्यांच्याकडे बघितले. त्यांनाही आठवले असावे. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या ओढणीचे टोक नीट केले.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण त्याच संध्याकाळी सामान आवरताना धाकटीची पाठपिशवी माझ्या हाताला लागली. आदल्या दिवशी निघताना मी भरून दिलेली पाण्याची बाटली तिच्यात होती. झाकणाचे सीलही तुटले नव्हते. सहा तासांची एसटी आणि एप्रिलचे ऊन. "प्यायली का नाहीस?" मी विचारले. ती म्हणाली, "अम्मी, उतरणार कुठं?"

शब्द तेच होते. मी ते तिला कधी शिकवले नव्हते, निदान तोंडाने नाही. ती मला बघत मोठी झाली.

गाडीत एक सीट आहे आणि तिच्यावर बसणारीचा प्रश्न सुटला. पण बसमधल्या चाळीस-पन्नास जणींचा? पुण्यातल्याच 'मिळून साऱ्याजणी' मासिकाने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला होता. डिसेंबर २०१५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की बायकांसाठी रस्त्यावर स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे असणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ती पुरवणे हे महापालिकांचे कर्तव्य आहे. म्हणजे मागणी आपली एकटीची नाही, लाजेची तर नाहीच. ती मोठ्याने करायला मात्र आपणच शिकायला हवे, आणि सुरुवात घरात मुलींसमोर करायला हवी.

परतताना मी धाकटीला पुढे बसवले. हातात भरलेली बाटली दिली आणि म्हटले, "घाटाआधी संपली पाहिजे." मी आणि थोरला एसटीत बसलो. म्हसळ्यापर्यंत मी अर्धा लिटर पाणी प्यायले. भीती वाटत होती, खोटे कशाला सांगू. माणगावला बस थांबली तेव्हा मी वाहकाकडे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भाऊ, मला स्वच्छतागृहात जायचं आहे. मी आल्याशिवाय बस सोडू नका." ते म्हणाले, "जाऊन या ताई, थांबतो."

मी पायऱ्या उतरले. मागे चपलांचे आवाज आले म्हणून वळून पाहिले. माझ्यामागून आणखी चार बायका उतरत होत्या.